उलट्या गिटारीची सुलटी गोष्ट

मैत्रिणींनो, मी डावखुरी. म्हणजे जन्मानं डावखुरी आणि सवयीनं अर्धी उजवी! लहानपणी देवळात प्रसादासाठी डावा हात पुढे गेला की आई हळूच चिमटा काढायची. शाळेत डाव्या हातात पेन्सिल दिसली की बोटांवर पट्टी बसायची. शेवटी लिहिणं-जेवणं उजव्या हातानं आणि केर काढणं, भाकरी थापणं, भाजी चिरणं डाव्या हातानं, अशी माझी वाटणी झाली ती आजतागायत. कात्री तर अजूनही माझ्याशी भांडते. कारण ती बनवणाऱ्यानं जगात सगळे उजवेच असतात असं धरलेलं असतं.

म्हणूनच काही वर्षांपूर्वी एका जुन्या चित्रफितीत एक आजीबाई गिटार वाजवताना दिसल्या, तेव्हा माझी नजर त्यांच्या हातांवरच खिळली. पांढरे केस, साधे कपडे, चेहरा अगदी शेजारच्या आजींसारखा मायाळू. मांडीवर गिटार. पण गिटार उलटी! आधी मला वाटलं, चित्रच उलटं लागलंय. मग नीट पाहिलं. चित्र बरोबर होतं. आजीबाई डावखुऱ्या होत्या आणि उजव्या हाताच्या माणसासाठी बनवलेली गिटार तशीच उलटी धरून वाजवत होत्या. आणि काय वाजवत होत्या! दोन माणसं बसलीत की काय असं वाटावं, इतकं भरलेलं, तरी ओढ्याच्या पाण्यासारखं अलगद.

त्या आजीबाई म्हणजे एलिझाबेथ कॉटन. जग त्यांना लिबा कॉटन म्हणून ओळखतं. अमेरिकेच्या लोकसंगीतातलं हे फार मोठं नाव. पण आयुष्यातली साठेक वर्षं या बाईनं पोटासाठी दुसऱ्यांच्या घरी धुणं-भांडी, इस्त्री, स्वयंपाक केला. तिची गोष्ट वाचत गेले आणि वाटलं, ही तुम्हाला सांगायलाच हवी. आपल्या आजीला आपण अहो-जाहो करत नाही, म्हणून मीही तिला ‘ती’च म्हणणार आहे.

लिबाचा जन्म १८९३ सालच्या जानेवारीतला. अमेरिकेच्या दक्षिणेकडे नॉर्थ कॅरोलायना नावाचं राज्य आहे. तिथल्या चॅपेल हिल या गावाला लागून असलेल्या वस्तीत ती जन्मली. त्या वस्तीला आज कारबरो म्हणतात. घरची मंडळी कृष्णवर्णीय. गुलामगिरी कायद्यानं संपून तीसही वर्षं झाली नव्हती. कायदा बदलला, पण गोऱ्यांची वस्ती वेगळी, काळ्यांची वेगळी, शाळाही वेगळ्या. आई-वडील कष्टकरी, पाच भावंडं आणि ही शेंडेफळ.

शेंडेफळाला नावच नव्हतं! घरात तिला छोटी ताई अशा अर्थाच्या लाडाच्या नावानं हाक मारायचे आणि तेवढ्यावर भागायचं. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी हजेरीसाठी नाव विचारलं. सगळ्या मुलांना नावं, हिला नाही. या पोरीनं क्षणभर विचार केला आणि सांगून टाकलं, एलिझाबेथ! तिला ते नाव आवडायचं, एवढंच. आपल्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते, आणि लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं दुसरंच नाव लिहिलं जातं. स्वतःचं नाव स्वतः ठेवणारी बाई मला तरी दुसरी माहीत नाही.

शाळा मात्र फार टिकली नाही. नवव्या वर्षाच्या सुमारास ती सुटली. कारण तेच, जे आपल्या गावाकडे कितीतरी मुलींच्या बाबतीत असतं. घरात पैसा हवा आणि मुलीचे हात रिकामे आहेत.

पण ते हात रिकामे नव्हते, याचा घरात कुणाला पत्ता नव्हता. तिच्या भावाकडे बँजो होता. बँजो म्हणजे चामडं ताणलेल्या गोल तोंडाचं तारांचं वाद्य. भाऊ कामाला गेला की ही हळूच तो बँजो घ्यायची आणि सूर शोधत बसायची. तार तुटली तर बोलणी खायची भीती, म्हणून भाऊ यायच्या आत वाद्य जागच्या जागी.

आता इथंच खरी मेख आहे. ती डावखुरी, आणि बँजो भावाचा, उजव्या हाताचा. डावखुऱ्या वादकाला वाद्य शिकवताना गुरुजी पहिल्यांदा काय करतात? एक तर तारा उलट क्रमानं लावून देतात, नाहीतर हात बदलायला लावतात. हिला गुरुजी नव्हते. आणि तारा बदलण्याची सोय नव्हती, कारण संध्याकाळी भावाला त्या तशाच हव्या असायच्या. मग हिनं काय केलं? वाद्य उलटं धरलं आणि तारा जशा होत्या तशाच ठेवून त्यांच्याशी जमवून घेतलं.

बघा, दुसऱ्याची मांडामांड न विस्कटता आपलं काम साधून घ्यायचं, ही विद्या बायकांना कुणी शिकवावी लागत नाही. सासूबाईंचे डबे ज्या फळीवर आहेत त्याच फळीवर ठेवून आपण आपला स्वयंपाक करतोच की! पण लिबाच्या बाबतीत या जमवून घेण्यातून एक नवीनच चीज जन्माला आली.

थोडं सोपं करून सांगते. गिटारीला सहा तारा असतात. वादक ती मांडीवर धरतो तेव्हा जाड, खर्जाच्या तारा वरच्या बाजूला येतात आणि बारीक, चढ्या सुराच्या तारा खालच्या बाजूला. अंगठा जाड तारांवर ठेका धरतो आणि बोटं बारीक तारांवर गाण्याची चाल वाजवतात. लिबाच्या उलट्या गिटारीत हे सगळंच फिरलं. जाड तारा खाली आल्या, त्यांचा ठेका बोटांकडे गेला आणि गाण्याची चाल अंगठ्याकडे आली. त्यामुळे तिच्या वादनाला जो नाद आला तो सुलट्या गिटारीतून तंतोतंत काढणं चांगल्या चांगल्या वादकांनाही जड जातं. आज जगभर गिटार शिकणारी मुलं या पद्धतीला तिच्याच आडनावानं ओळखतात.

माझ्या मनात आलं, तिला शिकवायला कुणी असतं तर त्यानं पहिल्याच दिवशी तिचा हात सरळ करून टाकला असता. चोरून शिकली, म्हणून हात वाचला!

मग एक दिवस भाऊ घर सोडून गेला आणि बँजोही त्याच्याबरोबर गेला. आता? लिबा तेव्हा गोऱ्या कुटुंबांकडे घरकामाला जायला लागली होती. पगार किती? सुरुवातीला महिन्याला ७५ सेंट. म्हणजे एक डॉलरही नाही. पुढे तो वाढून एक डॉलर झाला. त्यातून साठवून साठवून तिनं दुकानातून एक गिटार घेतली. किंमत ३ डॉलर ७५ सेंट. म्हणजे चार-पाच महिन्यांचा अख्खा पगार! आपल्या पहिल्या कमाईतून घेतलेली वस्तू बाई विसरत नाही. शिवणयंत्र असो, नाहीतर नाकातली चमकी. गिटारीचं नाव होतं स्टेला, आणि हे नाव पुढं नव्वदीतही तिच्या तोंडी असायचं.

घराजवळून रेल्वेचा रूळ जायचा. मालगाडी यायची-जायची. शिट्टी, चाकांचा खडखडाट, लांब जाणारा आवाज. अकरा-बारा वर्षांच्या त्या पोरीनं मालगाडीवर एक गाणं रचलं. इंग्रजीत ‘फ्रेट ट्रेन’ म्हणून ते प्रसिद्ध आहे. चाल अगदी साधी, लहान मूलही म्हणेल अशी. पण अर्थ साधा नाही. गाडीत बसून कुठंतरी निघून जावं आणि कुणाला पत्ता लागू नये, आणि मेल्यावरही गाडीचा आवाज कानी पडेल अशा जागी आपल्याला पुरावं, अशी इच्छा त्यात आहे. बारा वर्षांच्या मुलीच्या मनात हे यावं! ज्या वयात आपण ठिकरी खेळत होतो त्या वयात ही दुसऱ्यांची भांडी घासत होती, हे आठवलं की मग नवल वाटत नाही.

१९१० मध्ये तिचं लग्न झालं. वय सतरा. नवऱ्याचं नाव फ्रँक कॉटन. थोड्याच काळात मुलगी झाली, लिली. आणि याच सुमाराला चर्चमधल्या वडीलधाऱ्यांनी तिला समज दिली. देवाची भजनं म्हणायची तर म्हण, पण ही संसारी गाणी आणि देवाची सेवा दोन्ही एकदम चालायचं नाही. नवीन संसार, तान्हं मूल, दिवसभर काम आणि वर हा धाक. गिटार हळूहळू कोपऱ्यात गेली.

किती दिवस गेली म्हणता? दिवस नाही, महिने नाही. तीस-पस्तीस वर्षं! चर्चमध्ये कधीमधी वाजवलं असेल तेवढंच.

या वर्षांबद्दल तिच्या चरित्रात फार काही नसतं. दोन-चार ओळींत ती संपतात. कुटुंब कधी नॉर्थ कॅरोलायनात, कधी न्यूयॉर्कला, कधी वॉशिंग्टनला राहिलं. ती घरकाम करत राहिली. लिली मोठी झाली. लिलीचं लग्न झालं आणि त्यानंतर लिबानं नवऱ्यापासून घटस्फोट घेतला आणि ती वॉशिंग्टनला लेकीच्या घरी राहायला गेली. संपलं. पण आपल्याला ठाऊक आहे ना, दोन-चार ओळींत काय काय मावतं ते? विशीतून पन्नाशीत जाणारी बाई त्या ओळींत असते. तिची दुखणी, तिचे उपास, तिची रात्रीची जागरणं, सगळं त्यातच.

मुलीचं लग्न होईपर्यंत थांबून मग स्वतःचा निर्णय घेणाऱ्या बायका आपल्याही ओळखीच्या आहेत. फरक एवढाच की आपल्याकडच्या बहुतेक जणी मनातल्या मनात घेतात!

आता गोष्टीत एक वळण येतं, आणि ते सिनेमात शोभेल असं आहे. १९४० च्या दशकात लिबा वॉशिंग्टनच्या लॅन्सबर्ग नावाच्या मोठ्या दुकानात बाहुल्यांच्या विभागात काम करत होती. एक दिवस गर्दीत एक छोटी मुलगी आईपासून चुकली. लिबानं तिला शोधून, समजावून आईकडे पोचवलं. आईला हिचा शांत स्वभाव आवडला. तिनं विचारलं, आमच्याकडे घरकामाला येशील का? लिबा गेली.

त्या मुलीचं नाव पेगी सीगर. आईचं नाव रूथ क्रॉफर्ड सीगर. वडील चार्ल्स सीगर हे संगीताचे मोठे अभ्यासक. आणि पेगीचा सावत्र भाऊ म्हणजे पीट सीगर. हे नाव कुठंतरी ऐकल्यासारखं वाटतंय? आपण शाळेच्या कवायतीत, प्रभातफेरीत जे ‘हम होंगे कामयाब’ म्हटलं, त्याचं मूळ इंग्रजी गाणं जगभर पोचवणाऱ्यांपैकी हा एक. म्हणजे नशीबही कसं बघा! हजार घरं सोडून लिबा कामाला लागली ती गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्याच घरात. तिथं भिंतीवर वाद्यं, टेबलावर वाद्यं, मुलांच्या तोंडी दिवसभर लोकगीतं.

त्या घरातल्या सर्वांत धाकट्या पेनीला एलिझाबेथ हे नाव म्हणता येईना. तिनं आपल्या बोबड्या बोलात त्याचं लिबा करून टाकलं. तेच नाव पुढं चिकटलं. एक नाव स्वतः घेतलेलं, एक मालकिणीच्या लेकरानं दिलेलं. जगाच्या लक्षात राहिलं ते दुसरं.

मुलांना पत्ताच नव्हता की आपली लिबा वाजवते. पेगीची एक गिटार भिंतीवर टांगलेली असायची. कामातून सवड मिळाली की लिबा ती उतरवायची, दार लोटून घ्यायची आणि विसरलेली बोटं तारांवर फिरवायची. पुन्हा चोरून! भावाचा बँजो चोरून वाजवणारी लहान पोर आणि मालकिणीच्या मुलीची गिटार चोरून वाजवणारी साठीकडे झुकलेली बाई. मधे जवळजवळ पन्नास वर्षं, पण दृश्य तेच. एक दिवस मुलांनी ते ऐकलं. घरात एवढी गाणी लिहून घ्यायची, शोधायची धडपड चाललेली, आणि खरं गाणं स्वयंपाकघरात इस्त्री करत होतं!

इथं मला थोडं थांबून त्या मालकिणीबद्दल, रूथबद्दल सांगायचंय. कारण तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. रूथ काही साधी बाई नव्हती. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात नव्या धर्तीच्या रचना करणारी ती संगीतकार. १९३० मध्ये गुगनहाइम शिष्यवृत्ती मिळाली, संगीतरचनेसाठी ती मिळवणारी ही पहिली स्त्री. पण लग्न झालं, चार मुलं झाली, पैशाची ओढाताण आली आणि तिच्या स्वतःच्या रचना जवळजवळ थांबल्या. ती पियानोच्या शिकवण्या घ्यायची, लोकगीतं ऐकून ऐकून स्वरलिपीत उतरवायची, मुलांच्या गाण्यांची पुस्तकं करायची. ते कामही मोलाचं होतं. पण जे तिचं खास स्वतःचं, ते बाजूला पडलं.

म्हणजे एकाच घरात दोन बायका. एक पियानोपाशी, दुसरी इस्त्रीच्या टेबलापाशी. एक गोरी, शिकलेली, मालकीण. दुसरी काळी, शाळा सुटलेली, मोलकरीण. दोघींच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचं अंतर, आणि ते अंतर मला मुळीच झाकायचं नाही. पण दोघींचंही गाणं माळ्यावर पडलेलं! १९५२ मध्ये रूथनं कितीतरी वर्षांनी पुन्हा एक मोठी रचना लिहिली, फुंकून वाजवायच्या पाच वाद्यांसाठी. पुढच्याच वर्षी कर्करोगानं ती गेली. वय अवघं ५२. तिला वेळ मिळाला नाही. लिबाला मिळाला.

रूथच्या मुलानं, माइकनं, लिबाचं वादन ध्वनिमुद्रित करायचं मनावर घेतलं. तेव्हाचं ते मोठ्या चकत्यांचं टेपरेकॉर्डर घेऊन तो तिच्या घरी जायचा. मोठा स्टुडिओ नाही की काही नाही. लिबाच्या झोपण्याच्या खोलीत हे काम चालायचं, आसपास नातवंडं. १९५८ मध्ये फोकवेज या कंपनीनं तिची पहिली रेकॉर्ड काढली. लिबा तेव्हा ६५ वर्षांची होती. ज्या वयात आपल्याकडे नोकरदार बाई निवृत्त होऊन चार-पाच वर्षं झालेली असतात!

पण त्याच्या आधीच एक प्रकार घडून गेला होता. पेगी १९५० च्या दशकात इंग्लंडला गेली आणि तिथं तिनं लिबाचं मालगाडीचं गाणं लोकांना ऐकवलं. लोकांना ते आवडलं. इतकं आवडलं की तिथल्या दोघांनी ते स्वतःच्या नावावर नोंदवून टाकलं! १९५७ मध्ये चास मॅकडेविटच्या वाद्यवृंदासह नॅन्सी व्हिस्की या गायिकेनं ते म्हटलं आणि इंग्लंडभर गाजलं. रेडिओवर वाजतंय, रेकॉर्डी खपताहेत, आणि ज्या पोरीनं ते रूळांशेजारच्या घरात रचलं ती वॉशिंग्टनमध्ये दुसऱ्यांचे कपडे इस्त्री करतेय.

असं कसं होऊ शकतं? मला वाटतं, लोकगीत म्हटलं की ते कुणाचंच नसतं अशी एक सोयीची समजूत असते. आपल्या जात्यावरच्या ओव्यांचं काय झालं? लाखो ओव्या, पण रचणारीचं नाव कुठं आहे? बाईनं रचलं आणि कागदावर उतरवलं नाही, की ते वाऱ्यावरचं! लिबाच्या मागे सीगर कुटुंब उभं राहिलं, कायदेशीर भांडण झालं आणि अखेर त्या गाण्यावर तिचं नाव लागलं, मानधनाचा हक्कही मिळाला. स्वतःचं नाव स्वतः ठेवणाऱ्या मुलीला आपल्याच गाण्यावर ते लावायला मात्र वकिलांची गरज पडली.

१९६० मध्ये स्वार्थमोर कॉलेजात माइकबरोबर तिनं पहिल्यांदा रीतसर कार्यक्रम केला. मग बोलावणी येत गेली. १९६४ मध्ये न्यूपोर्टच्या प्रसिद्ध लोकसंगीत महोत्सवात ती वाजवून आली. विशी-पंचविशीची पोरं तिच्या पायाशी बसून तिची बोटं बघायची. बॉब डिलनसारख्या मोठ्या मोठ्या गायकांनी तिची गाणी म्हटली.

तुम्ही म्हणाल, झालं, सुटली बिचारी घरकामातून. नाही हो! कार्यक्रम करून यायचं आणि पुन्हा कामावर जायचं, हे १९७० च्या सुमारापर्यंत चालूच होतं. टाळ्यांनी घरभाडं भागत नाही, हे तिला आपल्याइतकंच ठाऊक होतं. पण मला यात आणखी एक गोष्ट दिसते. तिनं कामाची लाज कधी मिरवली नाही आणि कलेचा तोराही नाही. रंगमंचावर ती वाजवता वाजवता गोष्टी सांगायची. भावाचा बँजो, ७५ सेंट पगार, स्टेला गिटार, शाळेतला नाव सांगायचा प्रसंग. मग प्रेक्षकांनाच गायला लावायची. मोठ्या सभागृहाचं ती घटकाभरात घराचं अंगण करून टाकायची.

घरच्या माणसांनाही तिनं गाण्यात ओढलं. ‘शेक शुगरी’ नावाचं तिचं गाणं आहे. घरातली एकेक चीज गहाण टाकावी लागते, असा त्यात गमतीचा आणि आतून जरा बोचरा विषय. त्याची कडवी करायला पतवंडांनी हातभार लावला, आणि ते रेकॉर्डवर म्हटलं तिच्या बारा वर्षांच्या पणतीनं. शेजारी पणजीची गिटार. बारा वर्षांची असताना स्वतः चोरून गाणाऱ्या बाईनं आपल्या बारा वर्षांच्या पणतीला मात्र समोर बसवून गायला लावलं!

१९७८ मध्ये, म्हणजे पंचाऐंशीव्या वर्षी, तिनं गाण्याच्या कमाईतून न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज शहरात स्वतःचं घर घेतलं. लेक-नातवंडांसह ती तिथं राहायला गेली. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं लखलखीत ठेवणाऱ्या बाईला स्वतःच्या घराची किल्ली गिटारीनं दिली. मला तिच्या सगळ्या बक्षिसांपेक्षा ही किल्लीच जास्त मोठी वाटते.

बक्षिसंही मिळालीच. १९८४ मध्ये अमेरिकी सरकारच्या कला संस्थेनं पारंपरिक कलावंतांना दिला जाणारा राष्ट्रीय सन्मान तिला दिला. १९८५ मध्ये तिच्या प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या रेकॉर्डला ग्रॅमी मिळालं. संगीतातला हा जगातला मोठा पुरस्कार, आणि तो घेणारी आजी ९२ वर्षांची! २९ जून १९८७ रोजी सिरॅक्यूजमध्ये तिनं डोळे मिटले. शेवटपर्यंत ती वाजवत होती असं म्हटलं तरी चालेल. कारबरोमध्ये रूळांच्या कडेनं जाणाऱ्या एका सायकलवाटेला तिचं नाव आहे. आणि २०२२ मध्ये, ती जाऊन पस्तीस वर्षं झाल्यावर, ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’नं पुढच्या पिढ्यांवर प्रभाव टाकणाऱ्या कलावंतांत तिचं नाव घातलं.

अशा गोष्टीचा शेवट आपण साधारणपणे कसा करतो? उशिरा का होईना, फळ मिळालं. म्हातारपणीही सुरुवात करता येते, वगैरे. मैत्रिणींनो, मला तसं म्हणवत नाही. कारण लिबानं उशिरा सुरुवात केलीच नव्हती. तिनं फार लवकर केली होती. बाराव्या वर्षी तिचं सर्वांत मोठं गाणं तयार होतं! मधली तीस-पस्तीस वर्षं तिच्या हातून काढून घेतली गेली. त्या वर्षांत तिनं किती गाणी रचली असती, याचा हिशोब कुठलाच पुरस्कार भरून देत नाही. आणि त्या दिवशी दुकानात ती मुलगी चुकली नसती तर? कुणा शहाण्या घरात भिंतीवर गिटार टांगलेली नसती तर? अशा किती लिबा असतील, ज्यांना भिंतीवर नुसती फडकी आणि झाडू भेटले.

म्हणून हे नशिबावर सोडायला नको, एवढंच मला म्हणायचंय. आपल्यापैकी कुणाची पेटी जुन्या लुगड्यात गुंडाळून पलंगाखाली गेलेली असेल. कुणाच्या भजनाच्या वह्या ट्रंकेत असतील. कुणाला मुलं मोठी झाली की बघू असं वाटत असेल. आज दुपारी, भांडी झाली की, नुसतं ते फडकं सोडून बघा. सूर लागेल न लागेल. लिबाचीही बोटं पहिल्या दिवशी अडखळलीच होती. आणि हो, या वेळी दार लोटून घेऊ नका. घरातल्यांना ऐकू द्या!

परवा आमच्या शेजारची चार वर्षांची चिमुरडी माझ्याकडे खेळायला आली होती. डाव्या हातानं खडू धरून माझ्या फरशीवर रेघा मारत बसली. माझा हात सवयीनं पुढे गेला, तिच्या मुठीतून खडू काढून दुसऱ्या हातात द्यायला. मग त्या उलट्या गिटारीची आठवण झाली आणि मी हात मागे घेतला.

फरशी पुसायला मला अर्धा तास लागला. पण घर काढलं होतं पोरीनं छान.